रोमन गेले, पण किल्लेदार राहिला

तुमची मुलं ब्रिटनमधल्या शाळेत जात असतील, तर त्यांच्या इतिहासाच्या वहीत बहुधा ही ओळ असेल: इ.स. ४१० च्या सुमारास रोमन ब्रिटन सोडून गेले. आता जरा विचार करा. हेड्रियनच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले सैनिक, पगार थांबला म्हणून बायकामुलांसह रातोरात उठून गेले असतील का? गेले असतील, तर कुठे?

याचं एक उत्तर कंब्रियातल्या बर्डओस्वाल्ड इथल्या मातीत मिळालं. रोमन काळात या किल्ल्याचं नाव होतं बान्ना. इथली पलटण मूळची डेशियन, म्हणजे आजच्या रोमानियातली. इथल्या एका लहान मुलाच्या स्मृतिशिळेवर नाव आहे डेसिबालुस. रोमनांशी लढलेल्या शेवटच्या डेशियन राजाचं हे नाव! परमुलखात राहूनही घरात जुनी नावं टिकतात, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इथे दोन लांबलचक दगडी धान्यकोठारं बांधली गेली. धान्याला दमट हवा लागू नये म्हणून जमीन उंच उचललेली आणि खालून वारा खेळता. १९८७ ते १९९२ या काळात टोनी विल्मॉट यांच्या चमूने ती खणली, तेव्हा त्यांची पुढची कहाणी उलगडली.

चौथ्या शतकाच्या मध्यानंतर दक्षिणेकडच्या कोठाराची जमिनीखालची पोकळी बुजवून नवी फरसबंदी केली होती. म्हणजे तिथे धान्य साठवणं बंद झालं. मग एका टोकाला चुली पेटल्या. चुलींजवळ सोन्याचं एक कर्णभूषण, काचेची अंगठी आणि एक झिजलेलं नाणं सापडलं. नाणं इ.स. ३८८ ते ३९५ मधलं. पाडण्याआधी नाणं हरवू शकत नाही आणि झिजायला ते काही वर्षं हातोहात फिरावं लागतं. म्हणजे चुलींभोवतीची ऊठबस त्यानंतरही चालू होती.

उत्तरेकडच्या कोठाराचं छप्पर मात्र कोसळलं होतं. त्याच्या अवशेषांवर आधी एक लाकडी इमारत उभी राहिली. नंतर दुसरी, तीही लाकडीच, पण थोडी सरकवून किल्ल्याच्या पश्चिम दरवाजासमोर येईल अशी बांधली. तिचे खांब जमिनीत पुरलेले नव्हते, तर सपाट दगडांवर टेकवलेले होते. आपल्या वाड्यांत खांबाखाली तळखडा असतो, तसेच. लाकूड कुजून गेलं, पण दगडांच्या दोन समांतर रांगा उरल्या. फक्त रोमन भिंती शोधणाऱ्याला हे दगड म्हणजे निव्वळ राडारोडा वाटला असता. त्या रांगा ओळखता आल्या, कारण हा थर हळूहळू, दगड दगड नोंदवत उकलला गेला.

या थरांत तारीख सांगणारी नवी नाणी नाहीत. म्हणून विल्मॉट यांनी प्रत्येक इमारतीचं आयुष्य अंदाजे धरून हिशेब मांडला. तो जातो साधारण इ.स. ५२० पर्यंत. हा अंदाज आहे, पण ४१० च्या बराच पुढचा.

मग ही इमारत कशाची? विल्मॉट यांच्या मते सरदाराच्या सदरेची. रोमहून पगार येणं थांबलं, पण तट, दरवाजे आणि हत्यारं धरणारी माणसं जागेवरच होती. आसपासच्या शेतकऱ्यांनी धान्य द्यायचं आणि किल्ल्याने रक्षण करायचं. पूर्वी हेच धान्य साम्राज्याच्या नावाने येई, आता ते किल्लेदाराच्या नावाने येऊ लागलं. पलटणीचा अधिकारी हळूहळू त्या मुलखाचा सरदार झाला आणि जिथे पोती रचली जात, तिथे पंगती बसू लागल्या.

बर्डओस्वाल्डला गेलात, तर कोठाराजवळ जाडजूड लाकडी ओंडके उभे दिसतील. त्या सदरेचे खांब जिथे होते, तिथेच ते हल्ली रोवले आहेत. तिथे उभं राहून मुलांना विचारा: रोमन सोडून गेले म्हणजे नक्की कोण गेलं, आणि मागे कोण राहिलं?