घटनेच्या मूलभूत चौकटीविषयीचा वाद

घटनेच्या मूलभूत चौकटीविषयीचा वाद हा भारतीय राज्यघटनेत संसदेला कोठवर बदल करता येतो, या प्रश्नावरील घटनाशास्त्रीय वाद होय. सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात या प्रश्नाचे उत्तर दिले. संसद घटनेचा कोणताही अनुच्छेद दुरुस्त करू शकते, मात्र घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येत नाही, असे ते उत्तर होते. 'मूलभूत चौकट' हे शब्द घटनेत कोठेही आलेले नाहीत. ही कल्पना निकालपत्रांइतकीच व्याख्याने, ग्रंथ आणि विधिविषयक नियतकालिकांतील लेखांतून घडली, आणि तिच्यावरील वाद आजही शमलेला नाही.

पार्श्वभूमी

घटनेचा अनुच्छेद ३६८ संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार देतो. दुसरीकडे अनुच्छेद १३ नुसार मूलभूत हक्क हिरावून घेणारा कोणताही कायदा राज्यसंस्थेला करता येत नाही. घटनादुरुस्ती हा अनुच्छेद १३ च्या अर्थाने 'कायदा' आहे काय, असा पेच त्यातून उभा राहिला. जमीन सुधारणांचे कायदे आणि मालमत्तेचा हक्क यांच्या संघर्षामुळे तो वारंवार न्यायालयापुढे आला. शंकरी प्रसाद (१९५१) आणि सज्जन सिंग (१९६५) या दोन्ही खटल्यांत न्यायालयाने संसदेच्या बाजूने कौल दिला. सज्जन सिंग खटल्यात मात्र न्या. हिदायतुल्ला आणि न्या. ज. र. मुधोळकर यांनी वेगळी निकालपत्रे लिहून शंका नोंदवली. घटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात केलेला बदल ही 'दुरुस्ती' ठरेल की घटनेचे पुनर्लेखन, असा प्रश्न मुधोळकरांनी विचारला. त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही. पुढील सगळा वाद या एका प्रश्नाभोवती फिरतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत हायडेलबर्ग येथील जर्मन विद्वान डीट्रिश कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात घटनादुरुस्तीच्या अध्याहृत मर्यादांवर व्याख्यान दिले. भारतीय कायदेपंडित अनुच्छेदांच्या शब्दार्थात गुंतले असताना कॉनराड यांनी टोकाची उदाहरणे पुढे ठेवली. दोन-तृतीयांश बहुमताच्या बळावर कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचा जीव घेण्याची मुभा देणारी दुरुस्ती करता येईल काय? घटनाच रद्द करून बादशाही पुन्हा आणता येईल काय? हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने कल्पनेचे खेळ नव्हते. जर्मनीतील वायमार प्रजासत्ताकाची घटना कायदेशीर मार्गांनीच पोखरली गेली होती आणि त्या अनुभवानंतर १९४९ च्या जर्मन घटनेत काही तत्त्वे दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली. ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी हा युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात मांडला. पुढे न्या. ह. रा. खन्ना यांनी केशवानंद निकालपत्रात कॉनराड यांच्या प्रतिपादनाचा आधार घेतला.

गोलकनाथ खटला आणि नाथ पै यांचे विधेयक

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यावर टीकेचे मोहोळ उठले. निकाल देणारे सरन्यायाधीश के. सुब्बा राव यांनी काही आठवड्यांतच पद सोडून विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवल्याने टीकेला आणखी धार आली. सज्जन सिंग खटल्यात बहुमताचे निकालपत्र लिहिणारे माजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनीही गोलकनाथ निर्णयाला विरोध केला.

संसदेचा अधिकार पूर्ववत करण्यासाठीचे पहिले विधेयक सरकारने आणले नाही. ते कोकणातून निवडून आलेले प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी १९६७ मध्येच खाजगी विधेयक म्हणून मांडले. विरोधी बाकांवरील खासदाराने संसदेच्या सर्वाधिकारासाठी झटावे, ही गोष्ट आज विसरली गेली आहे. या वादाची विभागणी सरकार आणि विरोधक अशी सरळ कधीच नव्हती, हे समजण्यासाठी तिची नोंद आवश्यक आहे. विधेयक संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे निधन झाले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेने तो अधिकार स्वतःकडे घेतला.

केशवानंद भारती खटला

केरळमधील एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांच्या याचिकेवर तेरा न्यायाधीशांपुढे ६८ दिवस सुनावणी झाली. याचिकाकर्त्यांची बाजू नानी पालखीवाला यांनी, तर केरळ राज्याची बाजू महाराष्ट्राचे महाधिवक्ता होरमसजी सिरवई यांनी मांडली. दोघेही मुंबईचे पारशी वकील आणि दोघेही सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये तयार झालेले. सरकारला अनियंत्रित अधिकार दिला तर तो वापरला जाईलच, हा पालखीवालांचा रोख होता. सिरवई यांचे म्हणणे असे की अनुच्छेद ३६८ मध्ये मर्यादा लिहिलेली नाही. ती न्यायालयाने घातली तर न्यायाधीशच घटनाकार होतील.

निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. एकूण अकरा निकालपत्रे लिहिली गेली आणि त्यांचा गोषवारा देणाऱ्या टिपणावर नऊ न्यायाधीशांनीच सह्या केल्या. त्यामुळे नेमके ठरले तरी काय, यावरच विद्वानांत जुंपली. प्रा. पी. के. त्रिपाठी यांनी १९७४ मधील लेखाच्या शीर्षकातच 'जिंकले कोण?' असे विचारले. प्रा. उपेंद्र बक्षी यांनी या निकालाला रुतवणाऱ्या वाळूची उपमा दिली. न्या. खन्ना यांच्या मते मूलभूत हक्क चौकटीत येतात की नाही, याविषयी इतका गोंधळ माजला की खन्ना यांना १९७५ च्या दुसऱ्या निकालपत्रात खुलासा करावा लागला. दरम्यान, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरकारने बहुमतातील न्या. शेलत, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर यांची ज्येष्ठता डावलून न्या. अ. ना. राय यांना सरन्यायाधीश नेमले. तिघांनीही राजीनामे दिले.

मतांतरे

आणीबाणीत वादाचा रंग पालटला. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयीन तपासणीबाहेर ठेवणारी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती ऑगस्ट १९७५ मध्ये झाली. मूलभूत चौकटीच्या आधारे तिचा तो भाग न्यायालयाने ७ नोव्हेंबर रोजी रद्द केला. लगेच १० नोव्हेंबरला केशवानंद निर्णयाच्या फेरविचारासाठी तेरा न्यायाधीशांचे पीठ बसले, परंतु पालखीवालांच्या युक्तिवादानंतर दोनच दिवसांत ते विसर्जित करण्यात आले.

या घटनांनी प्रमुख टीकाकारांची मते बदलली. चौकटीचा सिद्धांत न्यायालयात खोडून काढू पाहणाऱ्या सिरवई यांनी निवडणूक खटल्यानंतर आपल्या 'कॉन्स्टिट्यूशनल लॉ ऑफ इंडिया' या ग्रंथात तो मान्य केला. केशवानंद खटल्यात अल्पमतात असलेले न्या. यशवंत चंद्रचूड यांनी १९७५ मध्ये सिद्धांताचा अवलंब केला, आणि १९८० मध्ये सरन्यायाधीश म्हणून मिनर्व्हा मिल्स खटल्याचे बहुमताचे निकालपत्रही त्यांनीच लिहिले. संसदेचा मर्यादित अधिकार हाच मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे त्यात म्हटले आहे. घटनेच्या शब्दांत १९७३ नंतर असे काही बदलले नव्हते की अर्थ आपोआप उलटावा. अमर्याद अधिकार हाती आल्यावर काय होते, ते मधल्या काळात दिसले होते.

तरीही मूळ आक्षेप जिवंत आहे. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी, यादीही निश्चित नसलेल्या तत्त्वांच्या आधारे, संसदेची घटनादुरुस्ती रद्द करावी काय? ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांनी हा सिद्धांत लोकशाहीविरोधी असल्याची टीका केली. पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले सत्यरंजन साठे यांनी न्यायालयाची भूमिका राजकीय असल्याचे मान्य करूनही तिचे समर्थन केले. जानेवारी २०२३ मध्ये उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी जयपूर येथील भाषणात केशवानंद निर्णयावर टीका केली. काही दिवसांतच सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी मुंबईतील पालखीवाला स्मृती व्याख्यानात मूलभूत चौकटीला ध्रुवताऱ्याची उपमा दिली. (ते वर उल्लेखिलेल्या यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र होत.)

भारताबाहेर

बांगलादेशच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये आठव्या घटनादुरुस्तीच्या खटल्यात हा सिद्धांत स्वीकारला. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८७ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीचा विचार करताना तो बहुमताने नाकारला.