इंजिनाचे रबरी आधार

मोटारगाडीचे इंजिन चौकटीला बोल्टांनी घट्ट आवळलेले असते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ते रबराच्या ठोकळ्यांवर विसावलेले असते. कारागीर ज्यांना ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते हेच. गाडी नवी असेतोवर त्यांचे नावही कोणी काढीत नाही. गाडी वीस-पंचवीस वर्षांची झाली म्हणजे मात्र हेच ठोकळे मालकाला मोठ्या पेचात टाकतात.

१९३१ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने रबरावर झुलणारे इंजिन आणले. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने ती युक्ती उचलली आणि तिची खूण म्हणून हंसाचे चित्र वापरले. चार सिलिंडरांच्या इंजिनाला हंस म्हणणे जरा उदारपणाचेच. पण त्यामागची कल्पना खरी होती.

ती अशी. मिनिटाला ८५० फेरे घेत मंद चालणाऱ्या चार सिलिंडरांच्या इंजिनात सेकंदाला सुमारे २८ स्फोट होतात. आधाराची स्वाभाविक कंपनसंख्या या आकड्याच्या सुमारे सात दशांशांहून कमी असेल, तरच तो कंप चौकटीपर्यंत पोहोचण्याआधी क्षीण होतो. आधार कडक केला की ती संख्या वाढते आणि कंप आरशात, सुकाणूत व बसणाऱ्याच्या दातांत उतरतो. उलट आधार फार मऊ असला, तर वेग देताच इंजिन एका अंगाला कलते. मऊपणा आणि बंदिस्तपणा यांची ही तडजोड कारखान्याने एकदा करून दिलेली असते.

जपानच्या माज्दा कंपनीची १९८९ साली आलेली एमएक्स-५ ही दोन आसनांची गाडी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिचा गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडलेले आहेत. त्यामुळे सारी यंत्रणा एकसंध होऊन पुढे इंजिनाचे दोन आणि मागे डिफरन्शियलचे दोन, अशा चारच रबरी आधारांवर तोलली जाते. गिअरचा दांडाही थेट गिअरबॉक्समध्येच रोवलेला आहे. साहजिकच यंत्रणा हलली की तो चालकाच्या हातात हलतो.

रबर केवळ वापराने झिजत नाही, काळानेही झिजते. उष्णता आणि हवेतील ओझोन यांनी ते भेगाळते, तेल लागले तर फुगून मऊ पडते आणि सततच्या भाराखाली कायमचे दबून बसते. क्वचित ते धातूच्या पट्टीपासूनच सुटते. मग पाय उचलताना-दाबताना ‘ठक्’ असा आवाज येतो आणि गिअर अडखळतात. पुष्कळदा दोष क्लचवर ढकलला जातो आणि त्यापायी नाहक खर्च होतो.

बदलण्याची वेळ आली की मोह सुरू होतो. मूळ प्रतीचे रबर, शर्यतीसाठीचे कडक रबर, पॉलियुरेथेन आणि भरीव धातू असे पर्याय समोर असतात. पॉलियुरेथेन बसविणारे बहुधा तृप्त दिसतात. पण त्यांची तुलना पंचवीस वर्षांच्या मेलेल्या रबराशी असते, नव्या रबराशी नव्हे. गाडी रस्त्यावर चालवावयाची असेल, तर नवे मूळ रबर, फार तर त्याहून किंचित कडक, हेच शहाणपणाचे. केवळ शर्यतीसाठी राखलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तेथे कंप सोसण्याची तयारी गृहीतच असते. मात्र पुढे कडक आणि मागे जीर्ण असा जोड घातला, तर यंत्रणा मागच्या टोकाला डोलत राहते आणि ‘ठक्’ तेथून ऐकू येतो.

पुढचे आधार बदलणे तुलनेने सोपे. तेलाच्या टाकीखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिन जरासे उचलावयाचे, नळ्या व तारा ताणल्या जात नाहीत ना हे पाहावयाचे, आणि एका वेळी एकच बाजू सोडावयाची. मागचे आधार मात्र डिफरन्शियलच्या बाहूंत दाबून बसविलेले असतात. ते काढण्यास प्रेस लागतो. हातोडीने काम भागेल असे वाटणाऱ्यांनी या बाहूंची किंमत आधी विचारून घ्यावी. नवे आधार बसल्यावर जॅक उतरवून इंजिनाचा भार त्यांच्यावर पूर्ण येऊ द्यावा आणि मगच शेवटचे नट आवळावेत. अन्यथा नवे रबर पहिल्या दिवसापासूनच पिळलेल्या अवस्थेत राहते.