पावसाचा धसका : आंदर मावळ आणि भोवतालचा मागोवा

मनात घर करून बसलेल्या भीतीला ग्रामीण भागात धसका म्हणतात. झोप उडणे, घास न उतरणे, बारीकशा आवाजाला दचकणे, झाले ते पुन्हा डोळ्यांपुढे येणे, त्या जागेकडे पाऊल न वळणे, हे सारे त्यात आले. मानसोपचारशास्त्राने याच्याशी जुळणारे आघातोत्तर तणाव विकार हे निदान १९८० मध्ये स्वीकारले. महाराष्ट्रात त्याची ठळक नोंद ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर झाली. महिन्याभराने तपासलेल्या गावकऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकार आढळले.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात टाकवे बुद्रुकच्या पुढे, ठोकरवाडी जलाशयाच्या काठाने कुसूर-खांडीपर्यंत पसरलेल्या आंदर मावळात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. डोंगरउतार आणि मुसळधार पाऊस हे इथले रोजचे जगणे. याच तालुक्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना जलवाहिनीविरोधी आंदोलनावर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पोलिसांचा गोळीबार होऊन तिघे मृत्युमुखी पडले. तो धसका माणसांनी दिलेला होता, म्हणून त्यात भीतीइतकाच संतापही राहिला.

दरडीचा धसका वेगळा. ३० जुलै २०१४ च्या सकाळी उत्तरेकडच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाडले गेले. १५१ जण दगावले. वाचलेल्यांत शेतावर किंवा परगावी गेलेले बरेच होते, आणि आपणच का उरलो हा प्रश्न अशा माणसांना पोखरत राहतो. एप्रिल २०१७ मध्ये नवे माळीण ताब्यात मिळाले. पहिल्याच पावसात तिथली जमीन खचली, भेगा पडल्या. पक्के घर मिळूनही पाऊस म्हणजे पुन्हा तीच सकाळ झाली. भूतकाळाची आठवण देणारी गोष्ट इथे वर्षातून चार महिने कौलांवर वाजत असते. उपचाराची खरी अडचण तीच आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यात ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. ज्यांचे अंत्यसंस्कारही करता आले नाहीत, त्यांचा शोक अडकून राहतो.

शोध घेणारेही यातून सुटत नाहीत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागे एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तिथल्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांतली तरुण पोरे अशा वेळी पाण्यात उतरतात. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळून चौघे गेले. मृतदेह वारंवार हाताळणाऱ्यांनाही आघातोत्तर तणाव विकार जडू शकतो, हे २०१३ च्या निदान-निकषांत स्पष्ट नमूद आहे.

सरकारी मदत मृत्यू, अपंगत्व, रुग्णालयातले दिवस आणि पडलेले घर मोजते. धसक्याला त्यात रकाना नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मनोसामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्येच काढली. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही समुपदेशन मिळते.