मुसीच्या गाळातील देवघेव

विकाराबादनजीक अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणाऱ्या मुसीचे वरचे पाणी, १९०८ च्या महापुरानंतर बांधलेल्या उस्मानसागर व हिमायतसागर या जलाशयांनी अडविल्यामुळे, उन्हाळ्यात हैदराबादच्या पुराना पुलाखालून जे वाहते ते बहुतांशी शहराचे सांडपाणीच होय.

अशा नदीच्या काठचा गाळ काठीने उकरून पाहावा. वर हिरवट-तपकिरी शेवाळाचा पातळ पापुद्रा असतो आणि लगेच त्याखाली काळाकुट्ट, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल लागतो. हा काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा. प्राणवायू न मिळाल्याने सल्फेटवर श्वसन चालविणाऱ्या जीवाणूंची ती करणी. वरच्या थरातील शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते, तो घेऊन शेजारचे जीवाणू मैला विघटित करतात, आणि मोबदल्यात कार्बन डायऑक्साइड, अमोनिया व बी-१२ जीवनसत्त्व परत देतात. शेवाळांच्या सुमारे निम्म्या जातींना हे जीवनसत्त्व बाहेरूनच मिळवावे लागते. रात्री प्राणवायूची आमदनी थांबते, खर्च मात्र चालूच राहतो; काळ्या थराची हद्द वर सरकते, लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटतो आणि सकाळी शेवाळालाच खाद्य होतो. ही हद्द जिकडे सरकेल तिकडे बेग्गियाटोआ नावाच्या जीवाणूचे पांढरे तंतू सरपटत जातात.

या व्यवहाराचा आधार प्रकाश आहे, आणि गढूळ मैलापाणी व जलपर्णी तोच हिरावून घेतात. त्यात औषधांची भर पडली की दोन्ही पक्ष घायाळ होतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. तो ओघ तेव्हा मुसीचा नव्हे, मांजरा नदीकडे जाणाऱ्या ओढ्यांचा होता. परंतु तेथील गाळातील जीवाणूंत प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांचा मोठा साठा सापडला. नीलहरित शेवाळ हेही वस्तुतः जीवाणूच असल्याने त्यालाही हे औषध बाधते, ही गोष्ट मला विशेष चिंतेची वाटते.

शहराच्या खालच्या बाजूला मुसीत मात्र, जुन्या बंधाऱ्यांआड पाणी थबकते, मैला तळाशी बसतो, ऊन आत पोहोचते, आणि सुमारे चाळीस किलोमीटरांत विरघळलेला प्राणवायू वाढून मैला व रोगजंतू पुष्कळ घटतात, असे संशोधकांना आढळले आहे. क्षार तेवढे वाढतच जातात. ते पचविण्याची शक्ती ना शेवाळात, ना जीवाणूंत.