जात, जाती, प्रजाती आणि वाण

जाती हे सजीवांच्या वर्गीकरणातले पायाभूत एकक आहे. ज्या जीवांचा निसर्गात आपसांत संयोग होतो आणि ज्यांची संततीही पुढे प्रजननक्षम असते, ते सर्व एका जातीचे, अशी व्याख्या अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये मांडली. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मते. पण घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२ आणि खेचराच्या ६३. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून खेचर जवळजवळ नेहमीच वांझ असते. घोडा आणि गाढव या दोन वेगळ्या जाती ठरतात त्या यामुळे. जिवाणू किंवा जीवाश्म यांना ही कसोटी लावता येत नाही. तिथे शरीररचना आणि जनुके यांवरून जाती ठरवतात.

जवळच्या जातींचा समूह म्हणजे प्रजाती. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा असतो आणि दुसरा जोडला की जाती कळते. दोन शब्दांची ही पद्धत कार्ल लिनियसने वनस्पतींसाठी १७५३ मध्ये आणि प्राण्यांसाठी १७५८ मध्ये सर्वत्र लागू केली. वाघ, सिंह आणि बिबट्या या पँथेरा प्रजातीच्या तीन जाती. वांगी, बटाटा आणि टोमॅटो ही तीन पिकेही सोलॅनम या एकाच प्रजातीतली आहेत. उलट, आशियाई आणि आफ्रिकी हत्ती दिसायला एकमेकांच्या इतके जवळचे असूनही त्यांच्या प्रजाती वेगळ्या: पहिल्याची एलिफस, दुसऱ्याची लोक्सोडोंटा.

मराठीत घोटाळा होतो तो इथेच. हिंदी लिखाणात ‘प्रजाति’ हा शब्द सर्रास जाती या अर्थी येतो आणि त्या वळणाने मराठी बातम्यांतही ‘पक्ष्यांच्या शंभर प्रजाती’ असे छापले जाते. तिथे शंभर जाती म्हणायचे असते. मराठी जीवशास्त्राच्या परिभाषेत प्रजाती ही जातीच्या वरची पायरी आहे. घरकावळा आणि डोमकावळा या दोन जाती, पण प्रजाती एकच, कॉर्व्हस. दुसरी अडचण व्याकरणाची. बोलीतल्या ‘जात’ या शब्दाचे अनेकवचनही ‘जाती’च होते. त्यामुळे ‘गाईच्या जाती’ म्हटले की शास्त्रातली जाती अभिप्रेत आहे की खिलार, देवणी, डांगी यांसारख्या जनावरांच्या जाती, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते.

जातीच्या खालची नैसर्गिक पायरी म्हणजे उपजाती. एकाच जातीचे समूह दूरदूरच्या प्रदेशांत वेगळे पडले की त्यांच्यात लहानमोठे फरक रुजतात, तरी त्यांचा आपसांत संयोग होऊ शकतो. भारतातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झालेला चित्ता आशियाई उपजातीचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये कुनो राष्ट्रीय उद्यानात नामिबियातून आणलेले चित्ते आफ्रिकी उपजातीचे आहेत. जाती एकच, उपजाती वेगळी.

वाण मात्र माणसाने घडवलेला असतो. हापूस, पायरी, केसर, लंगडा हे सारे मॅन्जिफेरा इंडिका या एकाच जातीचे वाण आहेत. हापूसची कोय पेरली तर उगवलेल्या झाडाला हापूसच लागेल याची खात्री नसते, म्हणून त्याचे कलम करतात. माणसाची निवड किती लांब जाते हे कोबी, फुलकोबी, नवलकोल आणि ब्रोकोली यांच्याकडे पाहिले की कळते. ही चारही एकाच जातीची रूपे; कुणी पानांचा गड्डा जोपासला, कुणी खोड, तर कुणी फुलोरा. जनावरांतही तेच घडले. पंढरपुरी आणि मुऱ्हा या एकाच जातीच्या म्हशी. गाय आणि म्हैस मात्र वेगवेगळ्या प्रजातींतल्या. गाईची गुणसूत्रे ६०, मुऱ्हा म्हशीची ५०, आणि त्यांचा संकर होत नाही.

संकर हा शब्द पायरीचा नाही, क्रियेचा आहे. भिन्न गुणांच्या मातापित्यांचा संयोग घडवून आणला की संकर होतो. मातापिते एका जातीचे असू शकतात किंवा दोन जवळच्या जातींचेही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना हा आंबा तयार झाला. तो कलमाने वाढवतात, म्हणून त्याचे गुण टिकतात. बियाण्यावर येणाऱ्या पिकाचे तसे नसते. संकरित कपाशीची सरकी किंवा मक्याचे दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले की मातापित्यांचे गुण विखुरतात, पीक एकसारखे येत नाही, आणि शेतकऱ्याला दर हंगामात नवे बियाणे घ्यावे लागते. सरळ वाणाचे बियाणे, परपरागीकरण टाळले तर, राखून पेरता येते. बियाण्याच्या पिशवीवरचा ‘संकरित’ हा शब्द म्हणूनच नीट वाचावा.

हे शब्द अदलाबदलीने वापरले तर नुकसान किती झाले याचा अंदाजच चुकतो. एक देशी वाण लोपला की त्या जातीतले काही गुण कायमचे जातात. ती हानी मोठी आहे, पण जाती उरते आणि तिच्यातून नवे वाण घडवता येतात. एखादी जाती संपली की लाखो वर्षांत घडलेली वाट तिथेच थांबते, आणि ती पुन्हा सुरू करण्याचा उपाय कोणत्याही रोपवाटिकेत नाही.