दोन रात्री कुलाब्यात, रत्नागिरी झोपेत

रात्री अकराच्या सुमारास मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून कोकणकन्या सुटते. चाकरमान्यांच्या बॅगा, दोरीने आवळलेली खोकी, फलाटावरच चाललेले जेवणाचे डबे आणि या गर्दीत हटकून दिसणारं एखादं परदेशी जोडपं. पाठीवर मोठी सॅक, पोटावर छोटी. कुलाब्यात दोन रात्री काढून दोघं गोव्याला निघालेली असतात. गाडी पहाटे रत्नागिरीला लागते, तेव्हा ती बर्थवर गाढ झोपलेली असतात.

दोनच रात्री, कारण मुंबईत खोली महाग. ताजच्या मागच्या गल्लीतलं साल्व्हेशन आर्मीचं रेड शील्ड हाऊस हा अशा प्रवाशांचा जुना आसरा; तिथे सामायिक खोलीत नुसती खाट मिळते. चार पावलांवर १८७१ सालचं लिओपोल्ड कॅफे. पहिला दिवस झोप भरून काढण्यात जातो, दुसरा गेटवे आणि घारापुरीत. (सोमवारी लेणी बंद असतात, हे पुष्कळांना धक्क्यावर आल्यावर कळतं.) उरलेला वेळ तिकिटात. गाडीत परदेशी पर्यटकांच्या कोट्यातल्या दोन जागा कधीच्या मिळतात, त्यावर मुक्काम ठरतो. शहर पाहून झालं की नाही, हा प्रश्न मागाहूनचा.

ही रीत रुजवण्यात एका जोडप्याचा मोठा वाटा आहे. टोनी आणि मॉरीन व्हीलर १९७२ साली जुन्या मिनिव्हॅनने लंडनहून निघाले, काबूलला गाडी विकली आणि मिळेल त्या वाहनाने वर्षअखेरीस सिडनीला पोचले. खिशात उरले होते २७ सेंट. लोक विचारू लागले, एवढ्या कमी पैशांत जमवलं कसं? उत्तरादाखल त्यांनी १९७३ मध्ये एक पातळ पुस्तक काढलं, आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभं राहिलं. या प्रकाशनाची भारतावरची मार्गदर्शिका १९८१ ची. पुढे तिच्यात नाव असलेल्या लॉजसमोर सॅकांची रांग लागू लागली.

त्या काळी गोव्याला जाणारे हिप्पी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसत. डेकवर पथारी टाकायची, रात्रभर वारा खायचा, सकाळी पणजी. कोकणचा किनारा निदान डोळ्यांसमोरून तरी सरकत असे. बोटी बंद पडल्या आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. प्रवास सोपा झाला, आणि रत्नागिरी रात्रीत गेली.

तसं परदेशी जोडप्याचं या गावाला अप्रूप नाही. ब्रह्मदेशचा थिबा राजा आणि राणी सुपायालात यांना इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. राजवाडा बांधून झाला १९१० साली. राजा १९१६ मध्ये इथेच वारला. तीस वर्षांचा मुक्काम, पण राजीखुशीचा नव्हे!

आज हौसेने उतरणाऱ्यांची गाठ आधी लॉजच्या काउंटरशी पडते. परदेशी पाहुणा ठेवला की चोवीस तासांत त्याचा तपशील ऑनलाइन भरावा लागतो: पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे जाणार. कुलाब्यातल्या मॅनेजरच्या हाताला याचा सराव असतो. वर्षाकाठी दोन परदेशी पाहणाऱ्या लहान लॉजवाल्याला ते झंझट वाटतं. मग चावीच्या फळीवर चार चाव्या लोंबत असतानाही ‘रूम फुल्ल’ असं उत्तर येतं. स्टेशन गावाबाहेर, त्यामुळे सॅकांसकट पुन्हा रिक्षा.

खरं तर दाखवायला पुष्कळ आहे. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांतला उक्षीचा हत्ती तर रेल्वेपासून लांबही नाही. जांभ्या सड्यावर कोरलेला, गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन जपलेला.

त्यातल्या त्यात सकाळची मांडवी एक्सप्रेस पकडणारे नशीबवान. दारात बसून कांदाभजी खाता खाता उक्षी मागे पडतं, साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात डबा अंधारतो, आणि दुपारी रत्नागिरी येते. गाडी थांबते तेवढ्यात दोघांपैकी एक उतरून पाण्याची बाटली घेतो. शिटी होते, तो धावत डबा गाठतो. थोड्याच वेळात पानवलचा ६४ मीटर उंच पूल येतो, आणि मोबाइल बाहेर निघतात.