निमज्जन

वाशीम जिल्ह्यांतील शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची आख्यायिका आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. वाळू व शेण यांची ती मूर्ति घडविणारांनीं पूजा आटोपतांच जलाशयांत सोडून दिली. पुढें एलिचपूरचा श्रीपाळ राजा त्या पाण्यांत न्हाला, त्याचें कुष्ठ गेलें, व शोध करितां मूर्ति हातीं आली, असें सांगतात.

या कथेंत तीन निरनिराळ्या क्रिया आहेत. मूर्ति सोडली तें विसर्जन. ती पाण्याखालीं गेली तें निमज्जन. राजा पाण्यांत शिरून न्हाला तें अवगाहन. विद्यार्थी हे शब्द एकाच अर्थानें योजितात, तें बरोबर नाहीं. विसर्जनांत 'सृज्' म्हणजे सोडणें हा धातु आहे, पाणी मुळींच नाहीं. सभेचेंही विसर्जन होतें. म्हणून सभासदांस कोणी नदींत लोटीत नाहीं!

निमज्जन शब्द 'मस्ज्' धातूपासून निघाला. बुडणें हा त्याचा रूढ अर्थ; परंतु पाणिनीय धातुपाठांत 'शुद्धि' असा अर्थ दिला आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. लॅटिनांतील 'मेर्गेरे' हें क्रियापद याचेंच भावंड, व त्यापासून इंग्रजी 'इमर्शन' झाला. पाण्यांत बुडी मारणाऱ्या एका पक्ष्यास संस्कृतांत 'मद्गु' म्हणतात, लॅटिनांत 'मेर्गुस'. दोहोंचें कूळ एकच.

'मग्न' हें याच धातूचें रूप. आतां मौज पाहा. मुलगा अभ्यासांत मग्न झाला म्हणजे आईबापांस आनंद. त्याचा अभ्यास बुडाला म्हणजे चिंता. सावकाराचें कर्ज बुडतें, पोरें शाळा बुडवितात, परंतु कोणी शाळेस मग्न करीत नाहीं. अर्थ एक असूनही संस्कृत शब्दाच्या वांट्यास स्तुति आली आणि घरगुती शब्दाच्या वांट्यास नुकसान.

शब्दाची अशी निवड सर्वदा निरुपद्रवी नसते. ग्रीक 'बाप्तिझो' म्हणजे बुडविणें. बंगाली शुभवर्तमानांत बॅप्टिस्ट मिशनरींनीं त्याचें भाषांतर बुडविण्याच्या अर्थींच केलें. पाणी शिंपडून विधि करणाऱ्या पंथांस तें मानवलें नाहीं, व बायबल सोसायटीनें त्या आवृत्तीस द्रव्य देण्याचें नाकारिलें. तेव्हां बॅप्टिस्टांनीं 1840 सालीं इंग्लंडांत भाषांतरासाठीं निराळी सोसायटी स्थापिली. मराठी बायबलांत मात्र मूळचाच शब्द 'बाप्तिस्मा' म्हणून राहिला आहे; बुडविणारे आणि शिंपडणारे दोघेही तो सारखाच वाचतात.